गहिनीनाथ टेलर आणि पाचचा भोंगा

भिंगारमध्ये येऊन गहिनीनाथ वाघचौरे कुठं राहतो असं विचारलंत, तर तासभर फिराल. तंबूवाला टेलर म्हणा, पहिलाच माणूस बोट दाखवील. मूळचा बेलापूरचा. लष्कराच्या वर्कशॉपात तंबू दुरुस्तीला लागला आणि बाजारातल्या गिरणीच्या गल्लीत खोली घेऊन राहिला, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. जाड कापड मशिनीखाली ओढून ओढून उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला. लांबून कुणी येताना दिसलं आणि ते एका बाजूला कललेलं असलं, की टेलर आला म्हणून समजायचं.

बोलणं बेताचंच. समोरच्या गिरणीचा बन्सी म्हणायचा, टेलरला दोन वाक्यं बोलायची असली तर त्यातलं एक तो उद्यासाठी ठेवतो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बायको काविळीनं गेली. दुसरं कर, दुसरं कर म्हणून बेलापूरकरांनी त्याचं डोकं खाल्लं. ह्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शेवटी विचारणारेच दमले. मग राहिलं काय? सकाळी आठचा भोंगा, संध्याकाळी पाचचा भोंगा आणि मधे तंबू.

पाचचा भोंगा झाला की वर्कशॉपच्या गेटातून पाच-सहाशे माणूस एकदम बाहेर पडायचं. बाहेर लिंबाखाली कुणाची पोरं उभी असायची, कुणाची बायको बाजाराची पिशवी घेऊन, कुणाचा मेव्हणा सायकल धरून. गहिनीनाथसाठी एकोणीस वर्षांत त्या लिंबाखाली कुणी आलं नव्हतं. त्याबद्दल तो काही बोलायचा नाही, पण गेटातून बाहेर पडताना मान खाली घालून जरा भराभर चालायचा, एवढं खरं.

एकाहत्तर साल उजाडायच्या सुमारास कुठल्याशा छावणीतून फाटके तंबू आले. एका गुंडाळीतून कुत्र्याचं पिल्लू निघालं. गहिनीनाथनं ते रीतसर स्टोअरकीपरपुढं नेलं. स्टोअरकीपरनं कागद काढला. तंबू सात, कनाती चौदा. पिल्लू लिहिलेलं नव्हतं. जे कागदावर नाही ते मी ताब्यात घेऊ शकत नाही, म्हणाला. मग परत पाठवा, असं गहिनीनाथनं सुचवलं. जे आलंच नाही ते परत कसं पाठवू, असं त्यानं विचारलं. दोन्ही मुद्दे बिनतोड होते. गहिनीनाथनं पिल्लू डब्याच्या पिशवीत घातलं आणि संध्याकाळी घरी आणलं.

अंगावर धड मांस नाही, एक कान उभा, दुसरा पडलेला, शेपटीला मधेच बाक. त्याचं नाव ठेवलं ढाण्या. नाव द्यायला काही लागत नाही, मग हात कशाला आखडता घ्या, असा विचार केला असावा.

आता ती गल्ली म्हणजे काय, तुम्ही बघितली नसेल. गल्ली कसली, रोजचीच जत्रा. एका अंगाला बन्सीची गिरणी, दुसऱ्या अंगाला चांगुणाबाईचं बांगड्यांचं दुकान, कोपऱ्यावर टांग्यांचा अड्डा, मधे भाजीवाल्या, आणि ह्या सगळ्यातून दिवसातून दहा वेळा लष्करी ट्रक वाट काढणार. सहा महिन्यांत ढाण्यानं ह्यातलं काहीही सोडलं नाही. टांग्याच्या घोड्याला उधळवला. गिरणीत जाऊन गव्हाच्या पाटीत झोपला. चांगुणाबाईच्या दुकानात शिरून दोन डझन हिरव्या बांगड्यांचा चुरा केला आणि वर तिच्याकडंच बघून शेपटी हलवली. गहिनीनाथ कामाला निघाला की हा मागोमाग. बांधून ठेवला, तर आठपासून पाचपर्यंत एका पट्टीत विव्हळायचा. चांगुणाबाई म्हणाली, बांगड्या फुटलेल्या परवडल्या, हे परवडत नाही.

मग एक दिवस काकासाहेब मुकादम आला. कुत्री धरायच्या गाडीवर हा मुकादम. गाडी सकाळी नऊला निघायची आणि चारला परत जायची. काकासाहेब स्वभावानं वाईट नव्हता. ओळखीच्या माणसाला आधी सांगून मगच कुत्रं उचलायचा.

"टेलर, गळ्यात बिल्ला असू द्या नायतर नसू द्या," तो म्हणाला, "दिवसा रस्त्यावर मोकाट दिसलं की मला उचलावं लागतंय. दोनदा सोडीन. तिसऱ्यांदा मला सांगू नका."

उचललेलं कुत्रं परत येत नाही, हे भिंगारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गहिनीनाथ त्या रात्री जेवला नाही. सहा महिन्यांपूर्वी हे कुत्रं नव्हतं तेव्हा तो रोज जेवत होता, ह्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

त्यानं चार दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, अंगदुखी. रद्दीत निघालेल्या तंबूच्या तुकड्यांचं एक बसकर शिवलं, चारी बाजूंनी दुहेरी टीप मारून, आणि ते उंबऱ्यापुढं टाकलं. आठचा भोंगा झाला की ढाण्याला त्याच्यावर बसवायचं, "बस" म्हणायचं आणि कामाला निघाल्यासारखं कोपऱ्यापर्यंत जायचं. तिथून मागच्या बाजूनं गिरणीत यायचं आणि पोत्यांमागं दडून बघत राहायचं. ढाण्या उठला की बाहेर यायचं, उचलून परत बसवायचं. पहिल्या दिवशी तो एकोणतीस वेळा उठला. दुपारपर्यंत गहिनीनाथ डोक्यापासून पायापर्यंत पिठानं इतका पांढरा झाला की ढाण्यानं त्याला ओळखलं नाही. त्याच्यावर भुंकला, पण बसकरावर बसूनच भुंकला. ही प्रगतीच म्हणायची.

गल्लीनं पहिला दिवस हसण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी सल्ले द्यायला लागली. तिसऱ्या दिवशी शिकवायलाच लागली. जाणारा-येणारा प्रत्येक जण ढाण्यापुढं थांबून "बस" म्हणायचा. तो बसलेलाच असायचा. मग आणखी कसं बसावं हे न कळून बिचारा उठायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, ऐकत नाही. शेवटी गहिनीनाथ पोत्यांमागून बाहेर आला आणि सगळ्या गल्लीला म्हणाला, त्याच्याशी कुणी बोलू नका. एकोणीस वर्षांत त्यानं गल्लीला उद्देशून केलेलं हे पहिलं भाषण. लोक गप्प झाले ते बहुतेक त्या धक्क्यानंच.

चौथ्या दिवशी ढाण्या सकाळपासून पाचपर्यंत बसकरावरून हलला नाही. पाय वर करायला म्हणून भिंतीकडं जायचा तेवढाच, आणि लगेच परत.

गहिनीनाथ कामावर रुजू झाला. आठ दिवस सुरळीत गेले. नवव्या दिवशी पाचच्या भोंग्याला तो गेटातून नेहमीसारखा मान खाली घालून बाहेर पडला, तर लिंबाखाली ढाण्या बसलेला. ह्यानं त्याला शिकवलं होतं एकच, की मी येईपर्यंत बस. कुत्र्यानं आपल्या डोक्यानं हिशेब केला होता. सकाळचे, दुपारचे भोंगे आखूड. एक भोंगा तेवढा लांब, सरळ, एका सुरात मिनिटभर चालणारा. आणि तो झाला की माणूस येतो. मग माणूस यायची वाट कशाला बघा, आपणच जाऊ.

गहिनीनाथला आनंद झाला. नुसता झाला नाही, तोंडावर दिसला. बरोबरच्या कामगारांनी विचारलं, तेव्हा त्यानं बेधडक सांगितलं की मीच शिकवलंय. आयुष्यात तोंडानं मारलेली ही त्याची एकुलती एक थाप असावी. तेव्हापासून पाच वाजता तो मान वर करून बाहेर पडायला लागला. पाचला काकासाहेबाची गाडी रस्त्यावर नसायची, त्यामुळं त्याचीही हरकत नव्हती. चार महिने असे गेले. हे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले चार महिने होते, आणि हे माझं मत नाही, त्यानं स्वतःच नंतर बन्सीला सांगितलं.

नोव्हेंबर लागला आणि लढाईचं वारं वाहायला लागलं. काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटल्या, रस्त्याकडेला चर खणले, सायकलींच्या दिव्यांना काळा रंग फासला. विमानं आली तर काय करायचं ह्याचा सराव सुरू झाला. त्यासाठी वेगळा भोंगा कुठून आणणार? वर्कशॉपाचाच. वर-खाली, वर-खाली वाजला तर धोका, घरात शिरा. सरळ एका सुरात वाजला तर धोका टळला, बाहेर या.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. गहिनीनाथच्या आलं नाही.

पहिला सराव सकाळी अकराला झाला. वर-खाली भोंगा झाला, सगळी गल्ली घरांत शिरली, दारं लागली. ढाण्या बसकरावर बसून राहिला. मग सरळ भोंगा वाजला. ढाण्या उठला, अंग झाडलं आणि रिकाम्या रस्त्यानं गेटाकडं चालू लागला. गेटावर माणूस नाही. तो लिंबाखाली बसला आणि पाचपर्यंत तिथंच बसून राहिला. काकासाहेबाची गाडी दोन वेळा समोरून गेली. संध्याकाळी त्यानं गहिनीनाथला गाठून सांगितलं, एकदा सोडलंय.

गल्लीत मात्र भलतंच घडलं. ह्या भोंग्यांचा लोकांना काही केल्या उलगडा होईना. वर-खाली म्हणजे आत का बाहेर? सरळ म्हणजे आला का गेला? सुतळीवाल्यानं दोनदा धोक्याच्या भोंग्याला दुकान उघडलं आणि धोका टळल्यावर चरात उडी मारली. तेव्हा चांगुणाबाईनं शोधून काढलं की फळीच्या फटीतून ढाण्याकडं बघावं. ढाण्या बसलाय, आत राहावं. ढाण्या उठला, दार उघडावं. कुत्रं एकदाही चुकलं नाही. तिसऱ्या सरावापर्यंत अख्खी गल्ली फटीतून त्याच्याकडं बघत बसायला लागली. चांगुणाबाई त्याला सकाळी भाकरी टाकायला लागली. बन्सी म्हणाला, ह्याला सरकारनं पगार द्यावा.

दुसऱ्यांदा नजरेला पडला तेव्हा काकासाहेबानं त्याला लिंबाखालून हुसकून लावलं आणि थेट वर्कशॉपच्या सुट्टीला येऊन थांबला. लष्करी रस्त्यावर लढाईच्या दिवसांत मोकाट जनावर नको, असा वरून हुकूम आला होता. त्याच्या तोंडावरूनच कळत होतं की आता त्याच्या हातात काही राहिलं नाही.

"उद्याच्याला मी बघितलं न बघितलं करू शकत न्हाई, टेलर," तो म्हणाला. "माझ्याबी पोटाचा सवाल हाय."

गहिनीनाथनं रात्रभर विचार केला. बांधावं तर विव्हळणार, आणि दोरी तोडायला हा आता शिकला होता. खोलीत कोंडावं, तर दार फळ्यांचं, एकदा पंजानं खालची फळी उचकटून झालेली. रजा मिळायचा प्रश्नच नव्हता, तंबूंचे ढीग छताला लागले होते. राहिली एकच गोष्ट. लांब भोंगा झाला की माणूस भेटतो, हे कुत्र्याच्या डोक्यातून काढायचं. म्हणजे जे आपण शिकवलंच नव्हतं, ते विसरायला लावायचं. बेलापूरहून त्याच दिवशी मामेभाऊ आला होता. सकाळी त्याला दाराशी दोरी धरून बसवला आणि दिवस निभावून नेला. भोंग्याच्या आधी अर्धा तास दोरी सोडायला सांगून ठेवलं होतं.

पाचला ढाण्या लिंबाखाली होता. गहिनीनाथ मान खाली घालून त्याच्यासमोरून निघून गेला. ढाण्याला वाटलं, बघितलं नसेल. धावत पुढं येऊन आडवा बसला. गहिनीनाथ वळसा घालून गेला. घरी पोचल्यावरही त्याच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. कुत्रं मागं मागं येत राहिलं, हाकललं तरी येत राहिलं. तिसऱ्या दिवशी मामेभाऊ म्हणाला, मला उद्याच्या गाडीनं जायला हवं, ऊस तोडणीला आलाय.

त्या संध्याकाळी गहिनीनाथनं गेटाबाहेर पडताच खाली वाकून धोंडा उचलला. ढाण्या शेपटी हलवत उठला. त्याला कधी कुणी धोंडा मारला नव्हता, त्याला हा काही नवा खेळच वाटला असणार. गहिनीनाथला नेम धरायचा नव्हता, पण धोंडा बरोबर पुढच्या पायावर बसला. कुत्रं ओरडलं. पाच-सहाशे माणसांनी मागं वळून बघितलं. कुणीतरी म्हणालं, काय रे कसाई आहेस का टेलर. गहिनीनाथ मान खाली घालून चालत राहिला. ढाण्या तीस-चाळीस पावलं मागं राहून लंगडत घरी आला आणि बसकरावर जाऊन बसला. गहिनीनाथनं हळद गरम करून त्याच्या पायाला लावली आणि लावताना रडला. त्या कुत्र्यानं लावू दिली, ह्याचंच त्याला जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी अकराला सरळ भोंगा झाला. गल्ली फटीतून बघत होती. ढाण्या उठला, बसकराच्या कडेपर्यंत गेला, थांबला आणि परत येऊन बसला. गल्ली आत बसून राहिली. पाऊण तासानं बन्सीच्या गिरणीवर दळण न्यायला आलेल्या बाईनं दारं वाजवली, तेव्हा कुठं लोक बाहेर आले. काय बिघडवून ठेवलंत हो चांगल्या कुत्र्याला, असं चांगुणाबाई गहिनीनाथला तोंडावर म्हणाली. काकासाहेबाची गाडी गल्लीतून दोनदा गेली, दोन्ही वेळा ढाण्या उंबऱ्यापुढं होता. जे करायचं होतं ते झालं होतं.

डिसेंबरात लढाई झाली, आपण जिंकलो. पेढे वाटले, चर बुजवले, काचांवरच्या पट्ट्या पोरांनी ओरबाडून काढल्या. सराव संपला. आता पाचला लिंबाखाली यायला ढाण्याला काहीच आडकाठी नव्हती.

तो येईना. घरी प्रेमानं वागायचा, हातातून खायचा, पायाशी झोपायचा. पायही बरा झाला होता. गहिनीनाथनं खिशात गुळाचा खडा ठेवला, हाका मारल्या, एक दिवस तर गेटापासून गल्लीच्या तोंडापर्यंत शीळ घालत आला. चांगुणाबाईनं सांगितलं ते असं.

"रोज उठतंय हो ते. भोंगा झाला की उठतंय, कडेपर्यंत जातंय, रस्त्याकडं बघतंय अन् बसतंय. मला तर बघवत न्हाई."

गहिनीनाथ परत मान खाली घालून गेटातून निघायला लागला. फरक एवढाच की आधी लिंबाखाली कुणी नसायचं. आता ढाण्या नसायचा.

जानेवारीच्या शेवटी त्यानं एक दिवसाची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात कौटुंबिक असं लिहिलं. सुपरवायझरनं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, तुला कुठलं आलंय कुटुंब.

"हाय एक," गहिनीनाथ म्हणाला.

त्या दिवशी तो सकाळपासून बसकराशेजारी उंबऱ्यावर बसून राहिला. पाचला भोंगा वाजला. ढाण्या उठला, कडेपर्यंत गेला. तेव्हा गहिनीनाथही उठला आणि पुढं चालू लागला. दोरी नाही, हाक नाही. चार पावलांवर त्यानं मागं बघितलं. ढाण्या कडेवरच उभा होता. आणखी चार पावलं. चांगुणाबाई हातातली बांगडी तशीच धरून बघत राहिली. ढाण्यानं एक पाय बसकराखाली टाकला, मग दुसरा. गल्लीतलं कुणी एक शब्द बोललं नाही, आणि ह्या गल्लीला हे जमेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

दोघं गेटापाशी पोचले तेव्हा माणसं बाहेर पडत होती. ढाण्या आपल्या जुन्या जागी लिंबाखाली बसला. गहिनीनाथ शेजारी उभा राहिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, चल म्हणाला. ढाण्या हलला नाही. त्याचं अंग गहिनीनाथच्या पायाला टेकलेलं होतं, पण डोळे गेटावर होते. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडं तो बघत होता. गर्दी विरळ झाली, सायकली गेल्या, शेवटचा कामगारही गेला. ढाण्या बसलेलाच. आपला माणूस गेटातून बाहेर यायचा राहिलाय, अशी त्याची पक्की समजूत होती.

गहिनीनाथ पहारेकऱ्याकडं गेला आणि मला जरा आत जायचंय म्हणाला. पहारेकरी पहाडातला जवान. रजेवर आहेस तर आत काय काम, असं त्यानं हिंदीत विचारलं. गहिनीनाथला हिंदी धड येत नव्हतं, आणि ही गोष्ट मराठीत सांगणंही अवघडच होतं. त्यानं नुसतं लिंबाकडं बोट दाखवलं. जवानानं कुत्र्याकडं बघितलं. त्या धोंड्याच्या दिवशी पहाऱ्यावर हाच होता. मग त्यानं इकडंतिकडं नजर टाकली, फाटक हातभर उघडलं आणि दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

गहिनीनाथ आत गेला. दहा-पंधरा पावलं चालून मागं वळला. टोपी सारखी केली, उतरलेला खांदा झेपेल तेवढा वर घेतला आणि मान वर करून गेटातून बाहेर आला, त्या चार महिन्यांत रोज यायचा तसा.

लिंबाखाली येऊन तो थांबला आणि ढाण्यापुढं उकिडवा बसला. ढाण्यानं आधी त्याच्या दोन्ही हातांचा वास घेतला. हात रिकामे होते.

"झाली सुट्टी," गहिनीनाथ म्हणाला. "चल."

ढाण्या उठला.